दुसरा तरस

माझे वडील तरसाचं हसणं फार चांगलं काढत. एरवी त्यांचा आवाज इतका मऊ होता की दुकानात वाणी त्यांना दोनदा विचारायचा, "काय म्हणालात?" सरकारी कचेरीत ते टंकलेखक होते. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करायचं, घरी येऊन हातपाय धुवायचे, आईने केलेली कुळथाची पिठी आणि भात जेवायचा आणि बाल्कनीत वर्तमानपत्र घेऊन बसायचं, असा हा माणूस. पण त्याच गळ्यातून कावळा निघे, गिधाड निघे, लांडगा निघे. आणि अडखळत अडखळत वर चढत जाणारं, शेवटी श्वास आत ओढून एकदम तुटणारं एक हसू निघे. ते तरसाचं. ते ऐकलं की खाली जिन्यात झोपलेली कुत्री उठून बसत. आई दिवेलागणीच्या वेळी ते हसू घरात चालू देत नसे. "या वेळेला नको हो," एवढंच म्हणायची, आणि बाबा ओशाळून गप्प व्हायचे.

आम्ही वसई तालुक्यात चंदनसारला राहत होतो. तेव्हा आमची इमारत रस्त्याच्या अगदी शेवटाला होती. तिच्यापुढे भाताची खाचरं, आणि खाचरांतून नव्या इमारतींचे नुसते खांब वर आलेले. घरात नळ होते, पण नळांना पाणी नव्हतं. पाणी टँकरने येई, कधी दोन दिवसांनी, कधी चार. माझ्या त्या वयाचे आवाज म्हणजे टँकरचा भोंगा, तो ऐकून तिन्ही मजल्यांवरून एकदम उतरणाऱ्या चपलांचा आवाज, रिकाम्या कळशांचा आवाज, आणि या सगळ्याच्या मागे मोरीत तोंड घालून बाबांचा चाललेला सराव. मोरीत आवाज घुमतो, म्हणून ते तिथे उभे राहून बोलत. आई राजापूरकडची. तिला समुद्राकाठचं गाव सोडून आल्याचं दुःख नव्हतं, पण आंघोळीचं पाणी मोजून वापरावं लागतं याची लाज वाटे. पाहुणे यायचे म्हटलं की ती आधी पिंपात डोकावून बघायची.

महिन्यातून दोनतीनदा, सुट्टीच्या दिवशी, बाबा मुंबईला आवाज द्यायला जात. परदेशातली लहान मुलांची चित्रपट-कार्टूनं टीव्हीसाठी मराठीत करायचं काम एका छोट्या स्टुडिओत चाले. तिथे हरणाच्या पाडसाला, राजपुत्र सिंहाला वगैरे नाटकातल्या नावाजलेल्या मंडळींचे आवाज असत. बाबांच्या वाट्याला कायम खलनायकाच्या मागे उभी राहणारी जनावरं आली. कागदावर त्यांना नावंसुद्धा नसत. 'लांडगा ३', 'गिधाड १', 'तरस २'. बाबांना त्याचं काही वाटत नसे. उलट त्या जनावरांचा त्यांनी फार बारकाईने विचार केला होता. बाजारात मासळीच्या टोपल्यांभोवती घिरट्या घालणारे कावळे ते उभे राहून बघत. मला म्हणत, "हे बघ, वाघ एकटा बसतो. हे कधी एकटे नसतात. दोघं किंवा तिघं. एक हडकुळा, एक जाडा, आणि एकाचा डोळा तिरळा. वाघ विनोद करत नाही, हे करतात. मार यांनाच बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हे कायम भुकेले असतात. वाघाच्या तोंडाकडे बघत असतात, काही पडतंय का म्हणून."

आज माझी पन्नाशी उलटली आहे. नणंदेची नात सुट्टीला आली की तिच्याबरोबर मी असले चित्रपट बघते. रंग आता कितीतरी चांगले झालेत, केस न् केस हलतो, पण मागे उभी राहणारी जनावरं तीच आहेत. त्यांना घर नसतं. त्यांची पिल्लं कोणी दाखवत नाही. हिरो जिंकला की ती पळून तरी जातात, नाहीतर आपल्याच मालकावर तुटून पडतात, आणि पडदा काळा होतो. ती मुलगी खळखळून हसते. मी तिला काही सांगत नाही.

ज्या चित्रपटात बाबा 'तरस २' होते, त्याचा सराव आम्ही दोघांनी घरात केला. मी तेरा-चौदा वर्षांची होते. वाचनात चांगली होते, म्हणून वाघाची वाक्यं मी म्हणायची आणि बाबांनी तरसाचं उत्तर द्यायचं. ओट्याजवळ स्टुलावर बसून मी खालच्या पट्टीत म्हणायची, "पाणवठ्यावर आज कोण येणार आहे?" आणि बाबा मोरीच्या दारातून वाकून, मान तिरकी करून म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तो येईल, महाराज." आई हसू दाबत भात उपसायची. पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगहून आले ते जरा विचारात पडलेले. दिग्दर्शक त्यांना म्हणाला होता, तुमचा तरस फार शिकलेला वाटतो. जरा गावठी करा. पाणी म्हणू नका, पानी म्हणा. कोण नको, कोन. लोक हसतात. बाबांनी मग वसईच्या भाजीबाजारात दोनतीन चकरा मारल्या. गिरीजकडचे, आगाशीकडचे म्हातारे वाडीवाले भाव करताना कसे बोलतात ते ऐकलं. घरी येऊन मोरीत तसं बोलून पाहिलं. आठ दिवसांत त्यांना ते इतकं साधलं की आई म्हणाली, "अहो, मला वाटलं कोणी केळीवाला आला दारात."

माझी शाळा वसईला होती आणि वर्गात माझ्या बाकावर रीटा बसायची. ती गिरीजची. त्यांची वाडी होती, केळीची, नारळाची, कडेने पानवेली आणि भाजी. मधोमध विहीर, तिच्यावर पंप, आणि पंपाशेजारी जुना मोडका रहाट तसाच ठेवलेला. आम्ही पाणी मोजून वापरणारे लोक, त्यामुळे पाटातून नुसतं वाहणारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्यात पाय घालून बसले होते. घरात रीटाचे आजोबा, आई आणि चार वर्षांची बहीण. वडील बोटीवर कामाला, वर्षातून एकदा येत. आजोबांचं नाव इनास. सगळे त्यांना इनासबाबा म्हणत. त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि उजव्याने अर्धवट. त्यांच्या शेजारच्या वाडीत त्यांचा पुतण्या बस्त्याव राहायचा. दोन्ही घरांच्या मधे कुंपण नव्हतं. रीटाची आई तांदळाच्या भाकऱ्या थापू लागली की पहिली भाकरी बस्त्यावकडे जायची, आणि त्याच्याकडे बोंबील आले की वाटी इकडे यायची.

तो तरसाचा चित्रपट टीव्हीवर लागला तो मी रीटाच्या घरी बघितला. मोठ्या ऐटीत मी सांगितलं की दुसरा तरस म्हणजे माझे बाबा. रीटा आणि तिची बहीण लोळून लोळून हसल्या. धाकटीने तर ते श्वास ओढून घेणारं हसू पाठच केलं. इनासबाबा दारात उभे राहून बघत होते. टीव्हीचा आवाज मोठा होता, त्यामुळे त्यांना बरंचसं ऐकू आलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "पोरी, तो वाघ पुण्यासारखं बोलतो. ते हरनाचं पिल्लू पन तसंच बोलतं. मग हे एकटंच आमच्यासारखं का बोलतं?" मी म्हणाले, "गंमत म्हणून." ते म्हणाले, "बरं," आणि बाहेर पाटाचं पाणी वळवायला गेले.

त्या वर्षी इमारतीच्या गणपतीत बाबांनी अर्धा तास आवाजांचा कार्यक्रम केला. पहिल्या रांगेत, खास आणलेल्या खुर्चीवर, आमची इमारत ज्याने बांधली तो गृहस्थ बसला होता. त्याला सगळे मालक म्हणत. आसपासचे ते सगळे खांबही त्याचेच होते आणि पाण्याचे टँकरही त्याचेच. दिसायला अगदी बँकेतल्या साहेबासारखा. पांढरा स्वच्छ शर्ट, हळू, शुद्ध बोलणं. पोरांना पेपरमिंट वाटायचा. त्याच्या मागे नेहमी दोघं उभे असत, पण ते हसत वगैरे नसत, नुसते उभे असत. कार्यक्रम संपल्यावर त्याने बाबांचा हात हातात घेतला. म्हणाला, "तुम्ही कलाकार आहात. आम्हाला माहीतच नव्हतं आमच्या इमारतीत असा माणूस राहतो." बाबांना आयुष्यात कोणी कलाकार म्हटलेलं नव्हतं. स्टुडिओत त्यांना 'ते तरसवाले' म्हणत. त्या रात्री जेवताना त्यांनी आईला ते वाक्य दोनदा सांगितलं.

मग मालकाने त्यांना कार्यालयात बोलावलं. पहिल्यांदा चहाला. मग बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी, कचेरी सुटल्यावर, नेमाने. कशाला जाता असं आईने विचारलं तर म्हणाले, "थोडं आवाजाचं काम आहे. त्यांची जमिनीची भानगड आहे कुठेतरी, कोणी म्हातारा अडून बसलाय. फोनवर जरा गंमत करायची." आई म्हणाली, "गंमत म्हणजे?" बाबा म्हणाले, "अगं, बोलायचं फक्त. करणारे वेगळे आहेत, मालक म्हणाले." पिठीचा भुरका घेत ते हे बोलले. मी समोर बसले होते. 'करणारे वेगळे' म्हणजे काय, हे आम्हा तिघांपैकी कोणीच विचारलं नाही.

आणि टँकर रोज यायला लागला. सकाळी सातला, न चुकता. पहिल्यांदा आमच्या जिन्यापाशी थांबायचा. शेजारच्या बायका आईला म्हणू लागल्या, "वहिनी, तुमच्या मिस्टरांमुळे." आईचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता. तिने गावाहून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं, दोनदा डोक्यावरून आंघोळ करायला लावली. मीसुद्धा बादलीभर पाणी अंगावर ओतून घ्यायची आणि बाबांचा अभिमान वाटून घ्यायची. फक्त एक गोष्ट बदलली होती. मोरी गप्प झाली होती. बाबा सराव करेनात. बाल्कनीत वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटत नसत. शेजारच्या मुलांनी "काका, तरस करा ना," म्हटलं की म्हणत, "घसा बसलाय."

तिकडे रीटाच्या घरीही काहीतरी बिघडलं होतं. कोणीतरी फोन करून वाडी विका म्हणून धमकावतंय, एवढं तिने मला सांगितलं. बोलणारा माणूस गावातलाच आहे, बोलीवरून कळतं, असं तिची आई म्हणे. गावातला म्हणजे कोण? वाडी विकली तर फायदा कोणाचा? बोट बस्त्यावकडे गेलं. त्याच्या वाडीला रस्ता इनासबाबांच्या वाडीतूनच होता, त्यामुळे ही विकल्याशिवाय त्याची विकली जाणार नव्हती. कोणी उघड काही बोललं नाही. एके दिवशी भाकरी गेली नाही, मग वाटी आली नाही. एकदा मी गेले तर दोन वाड्यांच्या मधे बांबू रोवलेले दिसले आणि त्यांना काटेरी तार. बस्त्याव पलीकडून बघत उभा होता. मला म्हणाला, "सांग त्यांना, मी नाय." मी सांगितलं नाही. मोठ्यांच्या भांडणात कशाला पडा, असं मला वाटलं.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी रीटाबरोबर गिरीजला गेले. इनासबाबा विहिरीकडे होते. रीटाची आई चुलीपुढे बसली होती, हात पिठाचे. बाहेरच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा जळत होता आणि खालच्या लाकडी कपाटावर फोन होता, विणलेल्या रुमालाने झाकलेला. तो वाजला. रीटाची आई जागची हलली नाही. म्हणाली, "घेऊ नको." फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. धाकटी आईच्या पदराशी जाऊन उभी राहिली. दहा-बारा वेळा वाजल्यावर रीटा उठली, रुमाल बाजूला केला, रिसीव्हर उचलला, पण कानाला लावला नाही. माझ्यापुढे धरला. हळूच म्हणाली, "तू घे. तुझा आवाज त्यांना माहीत नाही."

मी कानाला लावला. काही बोलले नाही. पलीकडे कोणीतरी खोकलं, कागद फडफडला. मग आवाज आला.

"कोन, म्हातारबाबा का? बोलू नका, आयका नुसतं. विहिरीचं पानी अजून गोड हाय ना? पिऊन घ्या. आनि बारकी पोर खेळते कुठं, कोनत्या वेळेला खेळते, समदं आमाला ठावं हाय."

त्यानंतर ते हसले. अडखळत अडखळत वर जाणारं हसू, आणि शेवटी आत ओढलेला श्वास.

एवढंच आठवतं की मला बाबांच्या शर्टाचा वास आला. कचेरीतल्या कार्बन कागदाचा आणि घामाचा. तो फोनमधून येणं शक्य नव्हतं, पण आला. वाघाचं वाक्य संपल्यावर ते जसे थांबत तसेच ते आता थांबले होते, पुढच्याने बोलावं म्हणून. मी एक शब्द बोलले असते, नुसतं "बाबा" म्हटलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. मी रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणाला?" रीटाच्या आईने विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले.

रीटा माझ्याकडे बघत होती. तिच्या आईने सुटकेचा श्वास टाकला आणि मला गरम भाकरी वाढली, वर तुरीच्या दाण्यांची आमटी. मी ती सगळी खाल्ली.

पुढचा आठवडा मी घरात बाबांकडे बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "अभ्यास जास्त आहे का?" मी हो म्हटलं. रोज ठरवायची आज आईला सांगायचं, आणि रोज सकाळी टँकरचा भोंगा वाजायचा, आई कळशी घेऊन हसत खाली जायची, आणि माझे शब्द तोंडातच राहायचे. शाळेत रीटा काही विचारत नव्हती. पूर्वीसारखीच शेजारी बसायची, डबा मधे ठेवायची.

पुढच्या शनिवारी ती उशिरा आली. बसता बसता म्हणाली, "रॉकी मेला." रॉकी त्यांचा कुत्रा. केळीत पाणी सोडलं की पाटाच्या कडेने पाण्याबरोबर धावायचा. "विहिरीत सापडला," रीटा म्हणाली. "पाय बांधलेले होते."

त्या दिवशी संध्याकाळी बाबा मालकाच्या कार्यालयातून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. आईने भात वाढला. मी म्हणाले, "रीटाच्या विहिरीत कुत्रा सापडला. पाय बांधून टाकला होता."

बाबा म्हणाले, "अरेरे. कोणी?"

"मागच्या शनिवारी तिथला फोन मी उचलला होता."

त्यांचा हात भातातच राहिला. आई म्हणाली, "कुठला फोन?" बाबांच्या डोळ्यांसमोर तो आठवडा मागे मागे जात असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं ते घर त्यांचं आहे."

"विचारलं होतंत?" आई म्हणाली. तिला आता समजलं होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "नंबर ते लावून देत. कागद हातात देत. मी वाचायचो."

आईने ताटं उचलली. मोरीत गेली, पिंपाचं झाकण उघडलं, काठोकाठ भरलेल्या त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "उद्या सकाळी जा. आणि हिला घेऊन जा. जे काय बोलायचं ते हिच्यासमोर बोला."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून गिरीजची माणसं घरी परतत होती तेव्हा आम्ही एसटीतून उतरलो. इनासबाबा चांगल्या कपड्यांतच विहिरीच्या कठड्यावर बसले होते. विहीर उपसायला घेतली होती, पंपाचा आवाज चालू होता. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि आपल्या त्या मऊ आवाजात सांगू लागले. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. मग रीटाला पंप बंद करायला सांगितलं. रीटाची आई बाहेर आली, धाकटी तिच्या मागोमाग. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोणासाठी केलं, कुठे बसून केलं, किती दिवस केलं.

"म्हनजे बस्त्याव नाय," इनासबाबा म्हणाले.

"नाही. मीच."

"तू तर शहरातल्यासारखा बोलतोस."

"ते मी शिकलो."

म्हातारा कठड्यावर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "फोनवर मला अर्धंच येतं. काय काय बोललास ते मला नीट कळलेलंच नाय. बोल इथं. या कानात बोल."

बाबा म्हणाले, "नको हो. मी पाया पडतो तुमच्या."

"पाया नको पडू. बोल."

बाबा वाकले. त्यांनी उजव्या कानाशी तोंड नेलं आणि बोलले. विहिरीच्या पाण्याचं, केळी कापून टाकण्याचं, धाकट्या पोरीचं, आठवतील ती सगळी वाक्यं, त्याच आवाजात, त्याच बोलीत. मधे अडले तर म्हातारा म्हणे, "पुढं." त्या आवाजाला ते हसू जोडलेलंच होतं बहुतेक, कारण शेवटी ते आपोआप बाहेर आलं. अडखळत वर गेलं आणि श्वासाशी तुटलं. आणि आईच्या मागून धाकटी पुढे आली, टाळ्या वाजवत हसायला लागली. "टीव्हीतला तरस," ती म्हणाली. "आजोबा, टीव्हीतला तरस." तिने स्वतःही तसं हसून दाखवलं. तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाबा खाली मातीत बसले. इनासबाबा उठले आणि कुंपणाकडे गेले. त्यांनी बस्त्यावला हाक मारली. तो आल्यावर दोघांनी मिळून तार सोडवायला घेतली. म्हाताऱ्याच्या बोटांतून रक्त येत होतं, तरी त्याने हात थांबवला नाही. बाबा मदतीला गेले तर बस्त्याव म्हणाला, "तुमी नका हात लावू." मग ते बाजूला उभे राहिले. तार निघाल्यावर इनासबाबा त्यांना म्हणाले, "आता हे सगळं पोलिसात सांगायचं. तुझ्या आवाजात सांगायचं."

दुपारी बाबांनी पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला. बस्त्याव बरोबर गेला होता. मालकाला अटक वगैरे काही झाली नाही. चौकशी झाली, आणि फोन थांबले. सोमवारी टँकर आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी इमारतीतल्या बायका आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या मिस्टरांमुळे," त्या म्हणाल्या, त्याच शब्दांत. आईने दार लावून घेतलं नाही, खाली मान घालून ऐकून घेतलं.

गुरुवारी चहाच्या वेळेला मालक स्वतः आला. मागचे दोघं जिन्यात थांबले. तो खुर्चीत बसला, आईने दिलेला चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाला. घरात चौकशी केली, पंखा जुना झालाय म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "शाळा वसईला ना? लांब पडत असेल. एसटीने एकटीच जातेस?" कार्टूनमधला वाघ असं काही बोलायच्या आधी मागे ढोल वाजतात. इथे फक्त कपबशीचा आवाज झाला.

बाबा म्हणाले, "हो, एकटीच जाते. तुम्ही आज येऊन हे विचारलंत, तेही मी उद्या लिहून देणार आहे. वेळ घालून. मी टंकलेखक आहे, मालक. मला लिहून द्यायची सवय आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वाण्याला दोनदा विचारावा लागेल असा. पण मालकाने पुन्हा विचारलं नाही. त्याने चहा संपवला आणि तो गेला. जिन्यातून तिघांच्या चपला खाली उतरेपर्यंत आम्ही तिघं जागचे हललो नाही.

बाबांनी बदली मागून घेतली आणि दोन महिन्यांत आम्ही पेणला गेलो. ते दोन महिने आई रोज माझ्याबरोबर एसटीने शाळेपर्यंत यायची आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसायची. त्यानंतर एकदाच स्टुडिओतून निरोप आला होता, पुन्हा तरसाचंच काम होतं. बाबा गेले. माइकपुढे उभे राहिले. दिग्दर्शकाने खूण केली. परत आल्यावर म्हणाले, "तोंड उघडलं, पण हसू आलं नाही." त्यापुढे त्यांनी कुठल्याच जनावराचा आवाज काढला नाही. नातवंडांनी हट्ट केला तरी नाही. इनासबाबा पुढे आपल्या घरातच म्हातारपणाने गेले. वाडी पुढे मुलांनी अर्धी विकली, अर्धी ठेवली, आपल्या मर्जीने.

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी रीटा भेटायला आली. तीस वर्षांत आम्ही लग्नकार्यात चारदोनदा भेटलो असू. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "त्या शनिवारी फोन मी तुझ्या हातात दिला होता. आठवतं?"

"आठवतं."

"त्याआधी दोनदा मी तो उचलला होता. पहिल्याच वेळी ओळखलं मी, कोण आहे ते."

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

"तुझे बाबा होते ते. मला वाटलं, तुझ्या तोंडून यावं. म्हणून तुला ऐकवलं." ती शांतपणे बोलत होती, रागाने नाही. "तू राँग नंबर म्हणालीस. मग म्हटलं, उद्या सांगेल. शाळेत रोज तुझ्या शेजारी बसून वाट बघायची मी. रॉकी सापडला त्या सकाळपर्यंत."

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काही म्हणते का म्हणून. मी काहीच म्हणाले नाही. तेव्हाही मी हेच केलं होतं.